बहुतेकसाहेबांची सही

लहान मुलांच्या इस्पितळाच्या तळघरात एक्स-रेच्या खोलीला लागून एक अंधारी खोली होती आणि त्या खोलीत एक डॉक्टर बसत. मुलांच्या आतले फोटो बघायचे आणि त्यांत काय दिसतं ते लिहायचं, एवढंच त्यांचं काम. दिसायचं त्यांना सगळं. पंचाईत व्हायची ती लिहिताना.

आईबापांनी ठेवलेलं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. शिपायापासून वरच्या मजल्यावरच्या बड्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना 'बहुतेकसाहेब' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं 'साहेब'. हे नाव त्यांना ठाऊक होतं का? बहुतेक असावं.

एखाद्या पोराचा हात कोपराच्या भलत्याच बाजूला वळलेला असे, पोर केकाटत असे, आई रडत असे, बाहेर चपला सांभाळत बसलेला आजोबासुद्धा सांगे की हात मोडलाय. साहेब फोटो मोठा करून बघत, लहान करून बघत, आणि लिहीत: 'हाडाची सलगता खंडित झाल्यासारखी भासते. अस्थिभंगाची शक्यता विचारात घ्यावी.' विचारात काय घ्यावी! हात लोंबत होता. एकदा एका चिमुरडीने नाणं गिळलं. फोटोत तिच्या पोटात ते असं लख्ख दिसत होतं की छापा आहे का काटा तेवढं सांगायचं बाकी होतं. साहेबांनी लिहिलं, 'गोलाकार, धातुसदृश वस्तू. नाणे असू शकेल.'

"नाहीतर काय, चंद्र गिळला असेल का पोरीने?" फोटोवाल्या बाई म्हणाल्या.

या फोटोवाल्या बाई म्हणजे शेजारच्या खोलीत यंत्र चालवणाऱ्या. मुलांना टेबलावर निजवायचं, शिशाचा जड एप्रन घालून आईला किंवा बापाला शेजारी उभं करायचं, आणि क्षणभर पोराला दगडासारखं गप्प ठेवायचं, हे त्यांचं काम. त्या प्रत्येक मुलाला सांगायच्या, "पुतळा हो बरं, पुतळा! जो हलला तो हरला." पोरं हरायची नाहीत. आयाच हलायच्या. भिंतीवर कुणीतरी हौसेने जिराफ रंगवला होता, पण नेमका मानेच्या जागी विजेचा बोर्ड आल्यामुळे तो गळफास लावल्यासारखा दिसे. त्याला बघून रडणारी मुलंही होती. ते रडणं भिंतीपलीकडे साहेबांना ऐकू येई, पण रडणारं पोर त्यांना कधी दिसत नसे. त्यांच्यापर्यंत फक्त हाडं पोचत, आणि हाडं रडत नाहीत.

घरीही हीच तऱ्हा. लग्नाआधी होणाऱ्या बायकोने लाजत विचारलं होतं, "मी आवडले ना तुम्हाला?" यावर जगातल्या कुठल्याही पुरुषाला एका शब्दात देता येईल असं उत्तर साहेबांनी असं दिलं, "न आवडण्यासारखं काही आढळलं नाही." बाईने तरीही लग्न केलं, म्हणजे तिच्या धैर्याची कल्पना करा. आता केस पांढरे झाले, मुलगी शिकायला परगावी गेली, तरी ते वाक्य तिने विसरू दिलं नव्हतं. आमटीत मीठ बरोबर आहे का, गॅस बंद केलात का, पाहुणे जेवायला थांबणार का, अशा सगळ्या प्रश्नांना साहेब दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे राहत आणि बायको शेवटी स्वतःच उठून गॅस बघून येई.

आता हा माणूस जन्मतःच असा होता असं नाही. उमेदीच्या काळात, नुकते या इस्पितळात आलेले असताना, त्यांनी एकदा ठासून लिहिलं होतं. तान्ह्या बाळाच्या छातीचा फोटो होता. काळजाच्या बाजूला भलीमोठी सावली. मोठ्या माणसांचे फोटो बघण्यात मुरलेला तरुण डॉक्टर तो, त्याने लिहिलं, 'छातीत गाठ आहे. ताबडतोब हालचाल करावी.' आता तान्ह्या मुलांच्या छातीत एक ग्रंथी असते. ती आधी चांगली ऐसपैस असते आणि मूल मोठं होत जाईल तशी आपोआप आटत जाते. लहान मुलांचे फोटो बघणाऱ्यांना हे ठाऊक असतं. मोठ्यांकडून छोट्यांकडे आलेला प्रत्येक जण तिथे एकदा तरी ठेचकाळतो. विभागाच्या प्रमुखांनी तो फोटो भर सभेत भिंतीवर लावला आणि म्हणाले, "आमच्या नव्या डॉक्टरांनी एका निरोगी बाळाला निरोगी असल्याच्या आरोपावरून पकडलंय." सगळे खो खो हसले. बाळाला काही झालं नाही, आईने चार अश्रू जास्त गाळले एवढंच.

या प्रसंगातून दोन धडे घेता आले असते. एक म्हणजे जास्त नीट बघावं, आणि दुसरा म्हणजे जपून बोलावं. साहेबांनी दोन्ही घेतले. बघण्यात तर ते इतके तरबेज झाले की वाढत्या वयातल्या हाडांच्या टोकांना ज्या फटी असतात, ज्यांना नवखे डॉक्टर मोडलेलं हाड समजून प्लास्टर घालतात, त्या फटींवरून ते मुलाचं वय ओळखत. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. साहेब पाणीही फुंकून पिऊ लागले. जेवढं जास्त कळू लागलं तेवढं कमी सांगू लागले. आणि गंमत म्हणजे यात त्यांची भरभराटच झाली. ज्याने कधी काही म्हटलंच नाही त्याचं चुकणार काय? प्रमुख गेले, नवे प्रमुख आले, ठासून बोलणारे दोघंतिघं वादात सापडून नोकऱ्या सोडून गेले, आणि बहुतेकसाहेब आपल्या अंधाऱ्या खोलीत सुखरूप राहिले. वरिष्ठ त्यांचं उदाहरण देत: इतक्या वर्षांत एकही तक्रार नाही.

अशा या माणसाकडे एके दिवशी दुपारी त्यांची धाकटी बहीण धापा टाकत आली. बरोबर तिचा मुलगा, म्हणजे साहेबांचा भाचा, मिशी फुटायला लागलेला, कंटाळलेला. पायऱ्यांवरून घसरून त्याचा गुडघा सुजला होता. घराजवळच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि गुडघ्याच्या वर हाडात काही डाग दिसतोय, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून तिला वाऱ्यावर सोडून दिलं.

"दादा, तू बघ. मला आता कुणाचंच ऐकायचं नाही," ती म्हणाली. तिची पाचावर धारण बसली होती.

साहेबांनी फोटो पडद्यावर लावला. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या कडेला, बुडबुड्यांच्या पुंजक्यासारखा एक डाग होता आणि त्याच्याभोवती पांढरी, सुबक, कापून काढल्यासारखी किनार. वाढत्या मुलांमध्ये हा डाग कितीतरी जणांना असतो. बहुतेकांना तो असल्याचा पत्ताही लागत नाही. तो दुखत नाही, वाढत नाही, वयाबरोबर आपोआप भरून येतो. पुस्तकांत अशा सावल्यांची वेगळी जातच सांगितली आहे: हात लावू नये, तपासण्या करू नयेत, तुकडा तर मुळीच काढू नये. बघावं, ओळखावं आणि सोडून द्यावं.

"काही नाही हे," साहेब म्हणाले.

बहीण बघतच राहिली. "काही नाही म्हणजे... बहुतेक नाही?"

"काही म्हणजे काहीच नाही. याला हात लावायचा नाही. आणखी फोटो काढायचे नाहीत. गुडघ्याची सूज उतरली की खेळू दे त्याला. मोठा होईल तसं भरून येईल हे."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द साहेबांच्या तोंडून बाहेर पडला तेव्हा खुद्द त्यांनाच दचकायला झालं. पण चव गोड लागली. बहिणीने डोळे पुसले, मुलाच्या पाठीत एक धपका घातला आणि फोन बाहेर काढून तिथूनच सगळ्या नातेवाइकांना कळवायला सुरुवात केली. दादा म्हणाला, नक्की. त्या संध्याकाळी घरी साहेबांनी जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला आणि बायकोने विचारायच्या आधीच सांगितलं, "आमटी झकास झालीय." बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

गोष्ट इथेच थांबली असती तर साहेबांचं भलं झालं असतं. पण त्याच आठवड्यात, भाच्याच्या गुडघ्याची सूज उतरायच्याही आधी, पडद्यावर दुसरा एक गुडघा आला.

पाय एका मुलीचा होता. शाळेच्या धावण्याच्या चमूत होती, सरावात गुडघा मुरगळला होता. बाप शहरातली बस चालवणारा ड्रायव्हर. हे सगळं अर्थात साहेबांना माहीत नव्हतं. त्यांच्यापर्यंत हाडच आलं. गुडघ्याच्या वर, हाडाच्या कडेला, बुडबुड्यांचा तोच पुंजका. तीच पांढरी किनार. भाच्याचा फोटो आणि हा फोटो शेजारी शेजारी ठेवला असता तर भाऊबहीणच शोभले असते.

साहेबांनी एका नजरेत ओळखलं. आणि मग हात लिहायला सरसावले आणि त्या हातांना त्यांची जुनी सवय आठवली. बहिणीला तोंडी सांगितलं होतं. तोंडी शब्द हवेत विरतो. इथे खाली सही होती. साहेब विचार करू लागले. हजारात एखादा निघाला तर? लाखात एखादा? कुणीतरी हा कागद काढून भर सभेत भिंतीवर लावला तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण साहेबांच्या पाठीशी नुसती एक सभा होती, तीसुद्धा कधीच संपून गेलेली. हसणारे अर्धे लोक आता हयातही नव्हते. त्यांनी लिहिलं: 'डाग साध्या स्वरूपाचा असावा. तथापि गंभीर स्वरूपाच्या गाठीची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. पुढील तपासण्या कराव्यात.' आणि सही केली. मोठी टपोरी सही.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्याने काढली त्याने इस्पितळं पाहिली असणार.

त्या तीन वाक्यांनी पुढे काय केलं ते ऐका. कागद वर गेला हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडवाले डॉक्टर तरुण, उत्साही, हातात सुरी आली की चेहरा खुलणारे. पण अडाणी नव्हते. त्यांनी फोटो पाहिला आणि त्यांनाही वाटलं, साधाच डाग आहे. पण खाली लिहिलं होतं, शक्यता नाकारता येत नाही. आता तळघरातला इतका अनुभवी माणूस नाकारत नाही तर आपण कसं नाकारायचं? त्यांनी बापाला बोलावून सांगितलं, "घाबरण्यासारखं काही नाही, पण मोठा फोटो काढून घेऊ." घाबरण्यासारखं काही नाही हे वाक्य ऐकून आजवर कुणी घाबरायचं राहिलंय का?

पोरगी बोगद्यासारख्या यंत्रात गेली. ठणाठण आवाज, जो हलला तो हरला, आणि ती हलली नाही. तो फोटो पुन्हा तळघरात साहेबांकडेच आला. तोच डाग, आणखी स्पष्ट, आणखी निरुपद्रवी. साहेबांनी आपलाच आधीचा कागद काढून वाचला. आता उलटं कसं लिहायचं? लोक म्हणतील आधी का नाही लिहिलं. त्यांनी लिहिलं, 'पूर्वीच्या अहवालाशी सुसंगत.' वरच्या मजल्यावर ते असं वाचलं गेलं की संशय कायम आहे. मग रक्त तपासलं. मग शिरेत औषध टोचून सगळ्या सांगाड्याचा फोटो काढला. आता एवढं केल्यावर हाडाचा तुकडा काढून बघायचा तेवढाच राहिला होता. तुकडा काढायचा म्हणजे पाय उघडायचा, हाडाला खिडकी पाडायची, आणि मग ते हाड भरून येईपर्यंत पोरीने धावायचं नाव काढायचं नाही.

इस्पितळात एव्हाना सगळ्यांना माहीत होतं की पोरीला काही झालेलं नाही. हाडवाल्यांना माहीत होतं, फोटोवाल्या बाईंना माहीत होतं, त्या सांगाड्याचा फोटो काढणाऱ्याला माहीत होतं. सगळ्यांत जास्त ज्यांना माहीत होतं ते तळघरात बसले होते. माहीत नव्हतं ते फक्त पोरीला आणि तिच्या बापाला. त्यांना कसं माहीत असणार? ते तर तेवढ्यासाठीच इस्पितळात आले होते.

एके दिवशी सकाळी बाप तळघरात उतरला. तळघरात कुणी येत नाही. रुग्णांना वाटतं की फोटो यंत्रच वाचतं. पण याने हाडवाल्यांना खोदून खोदून विचारलं होतं की हे लिहिलं कुणी. अंगावर ड्रायव्हरचा गणवेश, पाळी संपवून थेट आलेला. फोटोवाल्या बाईंनी त्याला साहेबांचं दार दाखवलं आणि स्वतः दाराशीच घुटमळल्या.

"साहेब, तुम्हीच ना पोरीचा फोटो बघितलात?"

साहेबांनी मान अशी हलवली की हो आणि नाही दोन्ही व्हावं.

"मला शिकल्यासवरल्यासारखं कळत नाही. वरचे डॉक्टर म्हणतात, तुकडा काढायला लागेल. मी विचारलं, कशापायी? तर म्हणतात, खाली लिहिलंय. म्हणून खाली आलो." तो टोपी हातात फिरवत होता. "एवढंच विचारायचंय. तुमच्या घरच्या पोराला असतं हे, तर तुम्ही काय केलं असतं?"

असा प्रश्न विचारणारे लोक उत्तर ठाऊक नसल्यामुळे विचारतात. साहेबांना मात्र उत्तर ठाऊक तर होतंच, शिवाय ते घडूनही गेलेलं होतं. साहेबांच्या घरच्या पोराला ते होतं, आणि काय केलं ते साऱ्या गोतावळ्याला फोनवरून कळलं होतं. भाचा परवाच दाराबाहेर चेंडू उडवत होता. साहेबांनी तोंड उघडलं. दाराशी फोटोवाल्या बाई कान देऊन उभ्या होत्या.

"त्याचं असं आहे," साहेब म्हणाले, "प्रत्येक केस वेगळी असते. निर्णय शेवटी वरच्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"वाटण्याचा प्रश्न नाही. फोटोच्या मर्यादा असतात."

बापाने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "बरं साहेब," आणि थकलेली माणसं चढतात तसा जिना चढून वर गेला. तो रागावला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. पण त्याला वाटलं, एवढा मोठा डॉक्टर इतकं जपून बोलतोय म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर असणार.

फोटोवाल्या बाई आत आल्या. "साहेब, तुमच्या बहिणीच्या मुलाचं झालं तेव्हा मी इथेच होते हो."

"बाई, तुमचं काम करा."

"करतेच आहे. तुमचंही कुणीतरी करायला हवं," असं म्हणून त्या गेल्या आणि पलीकडच्या खोलीत एका निरपराध पोरावर ओरडल्या.

त्या दिवशी साहेबांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, काय झालं, तर चक्क म्हणाले, "माझं चुकलंय." बायको चमचा धरून उभीच राहिली, या माणसाने 'चुकलं असावं' म्हटलं नाही यावरूनच तिला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. त्यांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यात काय? उद्या जाऊन नीट लिहा. एका ओळीचं काम आहे." एका ओळीचंच काम होतं. काखेत कळसा होता, गावाला वळसा घालायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते हाडवाल्यांकडे गेले. हाडवाल्यांनी सरळ सांगितलं, "मला तरी कुठे हौस आहे? तुम्ही लेखी द्या, मी आत्ता रद्द करतो. पण लेखी द्या. उद्या काही झालं तर मी एकटा का अडकू?"

साहेब तळघरात आले, दार लावून घेतलं आणि लिहिलं: 'डाग निरुपद्रवी आहे. हात लावू नये.' वाचून पाहिलं. वाक्य उघडंवाघडं वाटलं, थंडीत पोराला कपड्यांविना उभं केल्यासारखं. म्हणून त्यांनी 'निरुपद्रवी'च्या आधी 'सर्वसाधारणपणे' घातलं. मग 'आहे' खोडून 'असतो' केलं. मग वाटलं, 'हात लावू नये' फारच हुकूम सोडल्यासारखं होतं. 'हात लावण्याची तातडीची गरज दिसत नाही' केलं. मग तातडीची नाही, पण नंतरची? तेव्हा शेवटी जोडलं, 'अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा.' लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना हा मुलगा मधल्या रेघेवरच उभा राहत असणार. सकाळी घरातून निघाले तेव्हा छाती केवढी फुगलेली! आणि सही झाली तेव्हा जुनाच अहवाल नवे कपडे घालून टेबलावर बसला होता.

हाडवाल्यांनी वाचलं, मोठ्याने हसले आणि पोरीचं नाव उद्याच्या शस्त्रक्रियेसाठी तसंच ठेवलं.

पाय उघडला, हाडाला खिडकी पाडली, तुकडा काढला, तपासला. साधा डाग. डोंगर पोखरून निघालेला तो उंदीरसुद्धा आधीपासून सगळ्यांच्या ओळखीचा होता. वरच्या मजल्यावर आनंदीआनंद झाला. हाडवाल्यांनी बापाच्या पाठीवर थाप मारली, परिचारिकांनी पोरीच्या प्लास्टरवर फुलं काढली. जो रोग नव्हताच तो नाही म्हणून सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. आणि शाळेच्या शर्यती पोरीशिवाय झाल्या. तिच्या जागी दुसरी मुलगी धावली.

मग एक दिवस बाप पुन्हा तळघरात उतरला, आणि या वेळी पोरगी बरोबर होती, कुबड्यांवर. साहेबांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. इतके दिवस ज्या पायाची त्यांना कड न् कड पाठ होती तो पाय कुणाला तरी जोडलेला होता, हे बघून ते उगीचच उठून उभे राहिले. मुलगी सडसडीत, उंच, केस आखूड कापलेले. ती जिना एकेक पायरी उतरून आली होती आणि घामेजली होती.

बापाने हात जोडले. "साहेब, तुमचे उपकार झाले. सगळी भीती गेली. तुम्ही एवढं बारकाईने बघितलंत म्हणून कळलं तरी. एखाद्याने काही नाही म्हणून सोडून दिलं असतं, तर जन्मभर जिवाला घोर लागला असता."

साहेबांच्या आजवरच्या नोकरीत त्यांना कुणी भेटून असे उपकार मानले नव्हते. आणि आता जे मानले गेले ते यासाठी! एखाद्याने शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. शिव्यांची त्यांनी वर्षानुवर्षं तयारी केली होती. या जोडलेल्या हातांना मात्र त्यांच्याकडे कुठलंही वाक्य तयार नव्हतं.

"उपकार मानू नका," ते म्हणाले. "गरज नव्हती. पाय उघडायची गरज नव्हती. डाग साधा आहे हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. माझ्या भाच्याला हेच होतं. मी त्याला हातही लावू दिला नाही."

बाप हसला. मोठी माणसं अशीच स्वतःकडे कमीपणा घेतात, असं त्याला वाटलं. "असं नका म्हणू साहेब. तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही तसं लिहिलंच असतं की."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. बापाचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ टिकलं, मग कमी झालं, मग गेलं. जोडलेले हात त्याच्या लक्षात न येता खाली आले. दाराशी फोटोवाल्या बाई होत्या.

पोरगी मात्र साहेबांकडेच बघत होती. "मग लिहिलं का नाहीत?" तिने विचारलं.

केस वेगळी असते, फोटोच्या मर्यादा असतात, निर्णय वरच्यांचा असतो, ही सगळी वाक्यं एकामागून एक साहेबांच्या जिभेवर आली. पण समोर दोन कुबड्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक माणूस उभं होतं. "घाबरलो होतो," ते म्हणाले.

पोरीने यावर विचार केला. खरंच केला, कुबडी बगलेत नीट घेतली, जमिनीकडे बघितलं, पुन्हा साहेबांकडे बघितलं.

"घाबरले तर मीपण होते," ती म्हणाली, "आणि पाय माझा होता."